रविवारचं वजन

"ती म्हणते, ती काही खात नाही."

पाहुण्यांसमोर हे वाक्य बोलताना नंदकुमार आगाशे 'म्हणते'वर थोडा जोर द्यायचे. पाहुणे हसायचे. सुहासिनीही हसायची आणि त्यांच्यासाठी भजी तळायला आत जायची. तळता तळता एखादं भजं तोंडात टाकावं असंही तिला वाटायचं नाही, पण ते बघायला स्वयंपाकघरात कोण येणार? बाई कढईपाशी उभी आहे म्हणजे ती खातच असणार, हे जगाने कधीच ठरवून टाकलेलं.

आगाशे मूळचे मिरजेचे. उपकरणं बनवणाऱ्या एका केंद्र सरकारच्या संस्थेत नोकरी, म्हणून बदलीने चंदीगडला आले आणि सहा वर्षं झाली तरी तिथेच होते. नंदकुमारांचं काम वजनकाटे तपासण्याचं. दवाखान्यांतले, प्रयोगशाळांतले, गोदामांतले काटे त्यांच्या टेबलावर यायचे आणि खरे की खोटे ते ठरून परत जायचे. माणूस सरळ. व्यसन नाही, आवाज चढवणं नाही. एवढंच, की दिवसभर काट्यांच्या संगतीत राहून त्यांचा माणसांपेक्षा काट्यांवर जास्त विश्वास बसला होता. "काटा खोटं बोलत नाही," असं ते म्हणायचे आणि बायकोकडे बघायचे.

घरातला काटाही त्यांनीच आणला. संस्थेने भंगारात काढलेला, उभं राहायच्या फळीचा, सरकत्या वजनाचा. रीतसर लिलावात घेतला, सुट्टीच्या दिवशी खपून दुरुस्त केला आणि सेक्टर तीसमधल्या क्वार्टरच्या मागच्या व्हरांड्यात मांडला. दर रविवारी आंघोळ झाली की चहाच्या आधी सगळ्यांनी त्यावर चढायचं. पाणसळ ठेवून फळी समतल आहे ना ते बघायचं, रिकामा काटा शून्यावर आहे ना ते बघायचं, मग स्वतः नंदकुमार, मग बारा वर्षांची लीना, आणि शेवटी सुहासिनी. देवपूजेलासुद्धा या घरात इतकं सोवळं नव्हतं.

खोटं कशाला बोलावं, आधी ती जाड झाली होतीच. पंजाबातलं दूध, पांढरं लोणी, थंडीतले पराठे, आणि परक्या गावात बाईला घरात बसून दुसरा विरंगुळा तो काय? पहिली काही वर्षं तिने आवडीने खाल्लं. मिरजेला गेली की बायका म्हणायच्या, "सुहासला चंदीगडची हवा मानवली हं!" पण गेल्या डिसेंबरात धाकट्या दिराच्या लग्नात नणंदेने, नीलाने, भर पंगतीत हिच्या पानातली जिलबी उचलली आणि म्हणाली, "वहिनी, तुम्हाला बघूनच आमचं पोट भरतं, तुम्ही आणखी कशाला खाताय?" पंगत हसली. नंदकुमारही हसले. पंगतीचं काही नाही, पण ते हसले हे तिला लागलं. परतीच्या गाडीत तिने मनाशी ठरवलं, आता बस्स.

ठरवलं ते पाळलं. सकाळी बिनसाखरेचा चहा, दुपारी एक पोळी आणि काकडी, रात्री ताक. भात बंद, गोड बंद, तळलेलं बंद. पहिले काही आठवडे भुकेने जीव नुसता कासावीस व्हायचा. रविवारी देवाचं नाव घेऊन ती काट्यावर चढायची. अठ्ठ्याहत्तर. पुढच्या रविवारी पुन्हा अठ्ठ्याहत्तर. संक्रांत गेली, होळी गेली, काटा आपला तिथेच ठाण मांडून बसलेला.

मग एक चमत्कारिक गोष्ट झाली. तिची भूकच गेली. दोन घास खाल्ले की पोट तट्ट व्हायचं, लग्नाच्या पंगतीतून उठल्यासारखं. तिला वाटलं, सवय झाली, आपण जिंकलो. एका पोळीची अर्धी झाली. मोठ्या कौतुकाने ती हे नवऱ्याला सांगायला गेली.

"हो का?" नंदकुमार पेपरातून डोकं न काढता म्हणाले. "मग काट्याला अजून कळवलेलं दिसत नाहीस."

हातातल्या पाटल्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. गाल बसले, गळ्याची हाडं वर आली, ब्लाउज खांद्यांत ढगळ झाले. फक्त साडी निऱ्यांना पुरेना, आणि परकराची नाडी बांधताना दम लागायचा. "अहो, हे हात बघा ना माझे," ती म्हणायची. ते म्हणायचे, "हात राहू देत, काटा बघ. जे पोटात जात नाही ते काट्यावर कुठून येईल? हवेतून? पदार्थ आपोआप निर्माण होत नाही, सुहास. लीनाच्या पुस्तकातसुद्धा आहे." लीनाच्या पुस्तकात ते खरोखरच होतं. आता पुस्तकाशी कोण भांडणार?

लीना तर एकदा तिच्या गळ्यात हात टाकून कुजबुजली, "मम्मी, आप छुप के खाती हो ना? सच बताओ, मैं पापा को नहीं बताऊँगी." पोरीने ते मायेने विचारलं, म्हणून जास्त बोचलं. एप्रिलमध्ये शेजारच्या ब्रार आंटींनी भिंतीपलीकडून हळूच चौकशी केली, "सुहासजी, कौन सा महीना चल रहा है?" सुहासिनीला बेचाळिसावं वर्ष लागलेलं. ती हसली, पदर पुढे ओढून घेतला, आणि आत जाऊन मोरीत तोंडावर पाणी मारत बसली.

डॉक्टरकडे का नाही गेली, असं तुम्ही म्हणाल. कशासाठी जायचं? डॉक्टरही विचारणार काय खाता, आणि तोही 'म्हणते'वर जोर देणार. दुखत फारसं नव्हतं. म्हणजे दुखायचं, पण उपाशी पोट दुखणारच, असं तिचं तिनेच ठरवून टाकलं होतं. शिवाय चौऱ्याऐंशी सालच्या पंजाबातले ते दिवसच असे होते. रोज सकाळी पेपर उघडला की कुठे बसमधून उतरवून मारलेले, कुठे दुकानात घुसून मारलेले. चौकाचौकात वाळूची पोती रचलेली, संध्याकाळ झाली की रस्ते ओस. अशा दिवसांत एका बाईच्या जाडीचं कोण घेऊन बसतो?

आणि खरं सांगायचं तर तिला डॉक्टर नकोच होता. वजनाचंही तिला आता काही वाटत नव्हतं, वजन गेलं चुलीत. तिला एकच हवं होतं, आणि त्याला काही पैसे पडत नव्हते. नवऱ्याने एकदा, एकदाच, म्हणावं, "सुहास, तू खरं बोलतेस." एवढ्यासाठी ती उपाशी राहत होती.

जूनच्या सुरुवातीला कर्फ्यू लागला. फोन मुके झाले, गाड्या बंद, पेपर बंद. अमृतसरला सुवर्णमंदिरात फौज घुसली म्हणे, एवढंच कानावर आलं, आणि जो तो रेडिओला कान लावून बसला. ब्रारांच्या घरातून एका दुपारी रडणं ऐकू आलं आणि मग अशी शांतता झाली की त्यापेक्षा रडणं परवडलं. त्यांची चूल त्या दिवशी पेटली नाही. सुहासिनीने भिंतीवरून वरणाचं पातेलं पुढे केलं तर ब्रार आंटींनी हात जोडले. "गले से नहीं उतरता, सुहासजी." माझ्याही नाही उतरत हो, असं तिच्या अगदी ओठावर आलं होतं. पण त्यांच्या दुःखापुढे आपलं रडगाणं कुठे गायचं, म्हणून ती पातेलं घेऊन परत फिरली.

आणि या सगळ्यात, सांगायलाही लाज वाटावी, सुहासिनी मनातून सुखावली होती. अख्खं शहर कड्या लावून जीव मुठीत धरून बसलेलं आणि ही बाई खुशीत. कारण नवरा दिवसभर घरात होता. आता बघतील म्हणावं! भाजी नाही, दूध नाही, डब्यांत डाळ-तांदूळ आणि कणीक तेवढी. चोरून खायला घरात होतंच काय? ती मुद्दाम स्वयंपाकघराचं दार सताड उघडं ठेवायची आणि जेवताना त्यांच्या समोर बसायची. अर्धी पोळी, चमचा-दोन चमचे वरण, तेही कसंबसं.

"बास?" पहिल्याच दिवशी नंदकुमारांनी विचारलं, आणि तिला इतका आनंद झाला की हातातला घास तिने ताटातच ठेवला. ते बघत होते! दुसऱ्या दिवशीही बघत होते. आणखी दोन दिवसांनी तर म्हणाले, "अगं, थोडं तरी खा." कित्येक महिन्यांत असं कोणी म्हटलं नव्हतं. ते चार शब्द ती दिवसभर मनात घोळवत राहिली. रात्री लीनाचे केस विंचरताना ती चक्क गुणगुणत होती.

रविवार आला. नंदकुमारांनी पाणसळ ठेवली, शून्य बघितलं. ते स्वतः किलोभर उतरले होते. लीनाही थोडी उतरली होती. कर्फ्यूच्या जेवणावर दुसरं काय होणार? मग सुहासिनी चढली. या वेळी तिला खात्री होती.

नंदकुमारांनी वजन सरकवलं. मागे घेतलं. पुन्हा सरकवलं.

"उतर," ते म्हणाले. ती उतरली. "आता चढ."

दीड किलो वाढलं होतं.

त्यांच्या बाजूने एवढं सांगायला हवं, की त्यांनी संशय आधी काट्यावर घेतला. संस्थेतली प्रमाण वजनं घरी होती, ती खोक्यातून काढून एकेक करून फळीवर ठेवली. घामाघूम होईपर्यंत तपासलं. काटा बरोबर होता. मग संशय घ्यायला घरात दुसरं उरलं कोण?

"रात्री उठतेस का तू?" त्यांनी विचारलं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, तिला भांडता तरी आलं असतं.

"अहो, तुम्ही बघताय ना? आठवडाभर समोर बसून बघताय ना?"

"मी दिवसा बघतोय," नंदकुमार म्हणाले.

त्या रात्री त्यांनी आपली गादी उचलली आणि स्वयंपाकघराच्या दारात आडवी घातली. "इथे जरा वारा लागतो," म्हणाले. कर्फ्यूत गच्चीवर झोपायला बंदी आणि उकाडा जीव घेणारा, तेव्हा कारण शोभून दिसलं. पण स्वयंपाकघराला खिडकी एकच आणि तीही बंद. वारा कुठला लागणार तिथे? लीनाने बापाकडे बघितलं, आईकडे बघितलं, आणि खाली मान घालून ती आपल्या खाटेकडे गेली. पोरीला कळलं होतं. पोरीला कळलं, हेच सुहासिनीला सगळ्यात असह्य झालं.

पाण्याचा माठ स्वयंपाकघरात होता. तिला तहान लागली, पण जायचं तर नवऱ्याला ओलांडून जायला हवं, आणि पाऊल वाजलं तर ते डोळे उघडणार. ती गेली नाही. ज्याने चोरी केली नाही त्यालाही एकदा चोर ठरवलं की आपल्याच घरात पाय न वाजवता वागावं लागतं. कोरड्या तोंडाने ती पडून राहिली.

सकाळी तिला उठवेना. श्वास पुरत नव्हता, पाय इतके सुजलेले की चपलेत जाईनात. नंदकुमारांनी दोनदा हाक मारली, मग जवळ येऊन तिला पाठीमागून धरून बसवलं. त्यांचा हात तिच्या पाठीवर टेकला आणि थबकला. पाठीला नुसती हाडं होती. मग त्यांनी तिचा दंड धरला, तो त्यांच्या मुठीत मावला. कितीतरी महिन्यांत त्यांनी तिला काट्याशिवाय कशानेच जोखलं नव्हतं.

कर्फ्यू सकाळी थोडा वेळ उठायचा. स्कूटरवर तिला बसवलं नसतं, म्हणून ब्रार साहेबांनी आपली फियाट काढली. त्यांच्या घरावर काय गुदरलं होतं ते सगळ्यांना ठाऊक, पण त्यांनी एका शब्दाने का-कू केलं नाही. नाक्यावर त्यांची पगडी बघून जवानांनी गाडी बाजूला घ्यायला लावली. डिकी उघडली, सीटा उचकटल्या, ब्रार साहेबांना हात वर करून उन्हात उभं केलं. वेळ चालला होता. कधी आवाज न चढवणारे नंदकुमार रस्त्यावर उभे राहून ओरडत होते, "मेरी बीवी बीमार है, साहब! बीमार है!"

मागे डोकं टेकून बसलेल्या सुहासिनीने तो शब्द ऐकला. बीमार. आजपर्यंत तिला तो कोणी लावलाच नव्हता, तिने स्वतःसुद्धा नाही.

इस्पितळात एक तरुण डॉक्टरीण होती, डोळे जागरणाने लाल झालेली. तिने सुहासिनीच्या पोटावर एक हात ठेवला आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी वाजवून बघितलं. कुशीवर वळवून पुन्हा वाजवलं. मग विचारलं, "आपसे खाना कब से नहीं खाया जा रहा?"

सुहासिनी तिच्याकडे बघतच राहिली. काय खाता, किती खाता, हे सगळ्यांनी विचारून झालं होतं. खाल्लं जात नाही केव्हापासून, असं विचारणारं माणूस आज पहिल्यांदा भेटत होतं. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

"होली के बाद से," ती म्हणाली. "आपको कैसे पता?"

"पेट में पानी भरा है," डॉक्टरीण म्हणाली. ती आता नंदकुमारांकडे बघून बोलत होती. "यह मोटापा नहीं है. शरीर घुलता गया है और पानी बढ़ता गया है. वज़न इसीलिए कम नहीं हुआ."

नंदकुमारांना ते लगेच समजलं. त्यांच्याइतकं ते चटकन दुसऱ्या कोणाला समजलं नसतं. इकडून उतरत होतं तेवढं तिकडून चढत होतं. काटा खरा होता, पुस्तकही खरं होतं, आणि बायकोही खरी होती.

"डॉक्टरजी," सुहासिनीने तिचा कोट धरला. "इनको एक बार बोलिए ना. मैं छुप के नहीं खाती थी."

वाचेन ना, किती खर्च येईल, घरी कधी सोडाल, असले प्रश्न डॉक्टरणीला रोजचेच होते. हे मागणं तिला नवं असावं. तिने एकदा नवऱ्याकडे बघितलं, एकदा बायकोकडे, आणि हळू आवाजात म्हणाली, "नहीं खाती थीं. खा ही नहीं सकती थीं."

सुहासिनीचा चेहरा उजळला. नळ्या लावायला माणसं आली, सुई टोचली, तरी तिच्या तोंडावरचं समाधान हललं नाही. नंदकुमारांनी डोळे मिटून घेतले होते. ती मात्र वॉर्डमधल्या शेजारच्या खाटेवरच्या अनोळखी बाईलासुद्धा सांगत होती, "मोटापा नहीं है, बहनजी. पानी है."

पोटातलं पाणी काढलं. तपासण्या चालू राहिल्या, कर्फ्यू दिवसा ढिला झाला आणि नंदकुमार सकाळी येऊन संध्याकाळी घरी जाऊ लागले. लीना दिवसभर ब्रार आंटींपाशी. मग एका दुपारी मोठ्या डॉक्टरांनी नंदकुमारांना बाहेर बोलावून नेलं. बऱ्याच वेळाने ते परत आले आणि खाटेजवळच्या स्टुलावर बसले. गाठ अंडाशयाची होती आणि तिथेच थांबलेली नव्हती. ऑपरेशन करून बघू, पण फार उशीर झालाय, असं डॉक्टर म्हणाले होते. नंदकुमारांनी यातलं काही तिला सांगितलं नाही. पण त्यांच्यासारख्या माणसाला खोटा चेहरा कुठून जमणार? तिने तो बघितला आणि तिला सगळं कळलं.

पाणी गेल्यामुळे चादरीखाली तिचं शरीर असं चपटं दिसत होतं, की खाटेवर कोणी निजलंय की नाही असं वाटावं. तिनेच मग काहीतरी बोलायचं म्हणून थट्टेच्या सुरात विचारलं, "काय हो, आता तरी पटलं ना?"

नंदकुमारांनी खाटेच्या कडेवर कपाळ टेकलं.

"खात असतीस तर किती बरं झालं असतं गं," ते म्हणाले. "मी निजल्यावर उठून डबेच्या डबे फस्त करत असतीस, माझ्याशी धडधडीत खोटं बोलत असतीस, तरी चाललं असतं. सुहास, तू खोटी असतीस तर..."

सहा महिने ज्याची वाट पाहिली ते तिला आज मिळालं होतं. तू खरं बोलतेस, असंच ते म्हणत होते. आणि तिला वाटलं, नको. आपण खोटंच असायला हवं होतं. लाडू चोरताना पकडले गेलो असतो, नणंद हसली असती, हे दोन दिवस अबोला धरून बसले असते, आणि रविवारी पुन्हा सगळी काट्यापाशी उभी राहिली असती. तिला त्या रविवारची इतकी हाव सुटली, की असली हाव तिला आयुष्यात कुठल्याही पक्वान्नाची सुटली नव्हती.

तिने त्यांच्या केसांतून हात फिरवला.

"उठा आता," ती म्हणाली. "कर्फ्यूची वेळ होईल. लीना वाट बघत असेल. तिला सांगा, आई चोरून खात नव्हती म्हणून. तुम्ही स्वतः सांगा."

"सांगतो," नंदकुमार म्हणाले, पण उठले नाहीत.